दर फेरीला एक मात्रा

इंग्लंडमधला एक संगीतकार आमच्या पडवीत रोज दुपारी वाजतो. जेवणं आटोपली, मागची आवराआवर झाली की मी लहानसा स्पीकर बाकावर ठेवते, मोबाइलवर त्याचं काहीतरी लावते आणि समोरच्या काजूच्या बिया निवडायला घेते. सुरुवातीला शेजारच्या वहिनी कुंपणावरून विचारायच्या, कोणाकडे काही झालं का म्हणून. इतकं संथ गाणं सुखासुखी कोणी लावत नाही असं त्यांचं मत होतं. आता त्या विचारत नाहीत. सवय झाली असावी, किंवा माझ्याबद्दलची आशा सोडली असावी.

मी कुडाळच्या एका शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्या तीस वर्षांत ज्यांच्या कविता शिकवल्या ते सगळे केव्हाच गेलेले होते. जन्मसाल, मृत्युसाल, मग कविता, असाच क्रम. हा माणूस मात्र हयात आहे. सत्तरीच्या पुढचा, सायकलवरून हिंडणारा, तालमीला येताना डब्यात घरचं सँडविच आणणारा. मी इथे त्याचं ऐकत असताना तोही तिकडे चहा पीत बसला असेल, याची मला अजून गंमत वाटते.

हे सगळं मला कळलं ते लेकीमुळे. ती तिकडे उत्तरेकडच्या एका शहरात नर्स आहे. ड्यूट्या सांभाळून आठवड्यातून एक संध्याकाळ हौशी गाणाऱ्यांच्या एका गटात जाते. चाळीसेक माणसं, त्यात शिक्षक, बसचालक, एक दातांचे डॉक्टर. त्यांनी या संगीतकाराची एक रचना बसवायला घेतली आणि एका तालमीला तो स्वतः आला. मागच्या बाकावर लोकरीची टोपी घालून बसला. शेवटी काय सुधारायचं असं विचारल्यावर म्हणाला, सगळं चांगलं आहे, फक्त थांबता तिथे नीट थांबा. लेकीने हे फोनवर सांगितलं आणि त्यांच्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण मला पाठवलं.

पहिल्यांदा लावलं तेव्हा काहीच ऐकू येईना. फाइल नीट उतरली नसेल म्हणून मी आवाज पूर्ण वाढवला. तेवढ्यात चाळीस माणसं एकदम गायला लागली आणि अंगणातली कोंबडी ओरडत फणसाखाली गेली. सुरुवातीचं अर्धं मिनिट चेलो नावाचं मोठं तंतुवाद्य एकच खालचा सूर इतका हलके धरतं की तो आहे हे कळायलाच वेळ लागतो. मी त्या दिवशी दहा मिनिटं ऐकलं आणि लेकीला लिहिलं, छान आहे, तुझा आवाज काही वेगळा ओळखू आला नाही. मनात म्हटलं, एवढ्यासाठी कामावरून दमून तालमीला जाते ही पोरगी.

पण लेक गाते म्हटल्यावर दुसऱ्यांदा ऐकणं आलं. दुसऱ्यांदा शब्द लागले. शब्द चारच ओळींचे. भरतीचं पाणी शेताच्या बांधापर्यंत येतं, थोडा वेळ थांबतं आणि परत जातं, एवढाच मजकूर. त्याच चार ओळी पुन्हा पुन्हा, दर वेळी थोड्या वेगळ्या सुरावटीत. माझं माहेर आरोंद्याचं. खाडीचं पाणी आमच्या शेताच्या बांधाला लागायचं. ते येताना कधी दिसत नाही. तुम्ही बघत बसलात तर जागचं हलत नाही, आणि घरात जाऊन तांब्याभर पाणी पिऊन आलात की बांधाखालचा दगड बुडालेला असतो. या गाण्यात नेमकं तसंच होत होतं. आवाज वाढला कधी हे कळत नव्हतं, वाढलाय एवढंच कळत होतं. त्या इंग्रज माणसाने आरोंदा पाहिलेलं नाही, पण भरती नीट पाहिलेली आहे, अशी माझी खात्री झाली आणि तिथून मी त्याची झाले.

मग मी त्याचं मिळेल ते ऐकलं. पियानोवरची लहान लहान सात तुकड्यांची एक रचना आहे, त्यातला तिसरा तुकडा मला पाठ आहे, म्हणजे गुणगुणता येत नाही पण पुढे काय येणार ते पोटात आधी कळतं. चार तंतुवाद्यांसाठीची एक आहे, ती मला पहिले दोन महिने अजिबात आवडली नाही. आता मन अस्वस्थ असलं की तीच लावते. एकदा निवृत्त शिक्षकांच्या बैठकीत मी मोठ्या उत्साहाने पाच मिनिटं ऐकवलं. एक बाई डोळे मिटून म्हणाल्या, ध्यानाला बरं आहे हो. मला राग आला. डोळे मिटून अर्धवट झोपण्यासाठी त्या माणसाने एवढी मेहनत घेतलेली नाही. हे जागं राहून ऐकायचं संगीत आहे, असं मी त्यांना सांगितलं आणि वर्गात ओरडल्यासारखं झालं. तर आमच्या पंचक्रोशीत या संगीतकाराची जाणकार मी एकटी, असा माझा एक समज होता. लेकीला मी त्या भरतीच्या रचनेवर दोन पानी पत्रही लिहिलं होतं, सुरुवात, मध्य, शेवट असं पाडून.

आता आमच्या यांच्याबद्दल. नवऱ्याचं नाव मी लग्नातल्या उखाण्यानंतर घेतलेलं नाही, तेव्हा इथेही 'हे'च. हे शेतकरी. भात, काजू, थोडे हापूस. आणि त्याहून जास्त पखवाजवाले. गावच्या भजनी मंडळात पस्तीस वर्षं यांनी पखवाज धरला. बुवा म्हणजे मुख्य गाणारे बदलले, पेटीवाले बदलले, मागचा कोरस तर किती बदलला, पण डाव्या बाजूला हेच. भजनाच्या दिवशी पखवाजाच्या डाव्या तोंडाला, आवाज भरदार यावा म्हणून, लावायची कणीक मी मळून द्यायची. पोळीच्या कणकेपेक्षा सैल, आणि मीठ घालायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी यांना कमी ऐकू येऊ लागलं. आम्ही सावंतवाडीला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आलेख काढून दाखवला, बारीक आणि उंच आवाज जवळजवळ गेलेत, खालचे बरेच शिल्लक आहेत. कानात घालायचं यंत्र दिलं. आधी शांत, सावकाश आवाज ऐका, मेंदूला सवय होऊ दे, असं बजावलं. यांनी ते यंत्र घालून सरळ भजनाला जाऊन बसायचं ठरवलं. झांजा सुरू झाल्यावर कानात खिळे ठोकल्यासारखं झालं म्हणे. यंत्र काढून खिशात टाकलं आणि नुसत्या अंदाजाने वाजवायला लागले. त्या दिवशी एकादशी होती, देऊळ भरलेलं. अभंगाच्या मध्यावर बुवांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. पेटी थांबली, झांजा थांबल्या, कोरस थांबला. यांची नजर खाली होती. हे वाजवत राहिले, चार-पाच थापा, भरलेल्या देवळात एकटेच.

बुवांनी चटकन पुढची ओळ उचलून सांभाळून घेतलं. पण यांनी पखवाज बाजूच्याच्या मांडीवर ठेवला आणि अभंग अर्धा टाकून उठून घरी आले. मंडळातली माणसं दोनदा बोलवायला आली, चहा पिऊन गेली. हे काही गेले नाहीत. यंत्र कपाटाच्या खणात पडलं. लेकीला हे सगळं मी फोनवर सांगितलं.

भजन सुटलं त्याचं मी समजू शकले. माझ्या जिवाला लागलं ते दुसरंच. रविवारी दुपारी लेकीचा फोन यायचा आणि पूर्वी बापलेकीचं बोलणं संपता संपत नसे, मला शेवटची पाच मिनिटं मिळायची. आता तिचा बारीक आवाज यांना लागेना. ती काही विचारायची, हे भलतंच उत्तर द्यायचे, ती पुन्हा मोठ्याने विचारायची, यांचा चेहरा उतरायचा. हळूहळू 'बरी आसस मा? जेवलस?' एवढं बोलून फोन माझ्या हातात द्यायचे आणि बागेत जायचे. ती तिकडे गप्प, हे इकडे गप्प. मी दोघांमधली दुभाषी. दोन जिवंत माणसं माझ्या डोळ्यांदेखत एकमेकांना दुरावत होती आणि मला काही करता येत नव्हतं.

गेल्या काजूच्या हंगामातली गोष्ट. मी पडवीत तीच भरतीची रचना लावून बिया निवडत होते. हे बागेतून आले, बाकावर टेकले आणि चहाचा पेला शेजारी ठेवून हात फळीवर टेकवला. हात तसाच राहिला. मग फळीवरून सरकत सरकत स्पीकरजवळ गेला.

"ह्या काय वाजता गो?" यांनी विचारलं.

चेलोचा तो खालचा सूर लाकडातून यांच्या तळव्याला लागला होता. लेक गाते ते, असं मी यांच्या कानाशी जाऊन सांगितलं. हे गाणं संपेपर्यंत हात तिथेच ठेवून बसले. मग उठून आत गेले आणि खण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आले ते कानात यंत्र घालून. मला लाव म्हणाले, पहिल्यापासून.

मी लावलं. झांजा नाहीत, घाई नाही, चाळीस गळ्यांचा एकत्र भरदार आवाज आणि खाली चेलो. यांनी यंत्र काढलं नाही. मी आपली बिया निवडायचं सोंग करत यांच्या तोंडाकडे बघत होते. कपाळाला आठी होती, पण ती दुखण्याची नव्हती. झांजवाला नवीन असला की यांच्या कपाळाला जशी आठी यायची, तशी.

संपल्यावर यांचा पहिला अभिप्राय असा की कोरस चांगला आहे, पण बुवा कधी सुरू करणार? मी सांगितलं, यात बुवा नाही. हे पटेना. कोरस इतका वेळ कोणाच्या मागे गातोय मग? दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकलं, बुवांची वाट बघत. तिसऱ्या दिवशीही. शेवटी मी जरा चिडूनच सांगितलं की तिथे सगळेच कोरस, पुढचं कोणी नाही.

"मगे ह्यांका सांभाळता कोण?" हे म्हणाले.

मी इतक्या महिन्यांत हा प्रश्न स्वतःला विचारला नव्हता. दोन पानी पत्रातही नव्हता. पुढे हात हलवणारा एक माणूस असतो, हे मला माहीत होतं, पण यांना विचारायचं होतं ते वेगळं होतं.

दुसरी तक्रार गजराची. आमच्याकडे भजन शेवटाला चढत जातं, गजर होतो, देऊळ हलतं. इथे शेवटाकडे गाणं आणखीच सावकाश होत होतं. यांना वाटलं, गाणारे दमले. मी म्हटलं, तो मुद्दाम तसं करतो. यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्याच बोलण्याची शंका आली.

पण रोज दुपारी यंत्र कानात जाऊ लागलं. 'इंग्लंडवाल्याची वेळ झाली' म्हणायचे आणि खणाकडे जायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी हे गुडघ्यावर बोटं आपटत मोजायला लागले. चार ओळी गाऊन झाल्या की गाणारे थांबतात, चेलोवाला मात्र तोच सूर सावकाश ओढत राहतो, एक ओढ, दुसरी ओढ, आणि मग गाणारे पुन्हा सुरू करतात. हे त्या ओढी मोजत होते. आणि मोजून झाल्यावर यांनी निकाल दिला की तुमचा माणूस तालाला कच्चा आहे. दर खेपेला वेगळ्याच ठिकाणी परत येतो. कधी समेच्या आधी, कधी समेनंतर, कशाला कशाचा मेळ नाही.

मला इतका राग आला की मी स्पीकर बंद केला. तुम्हाला कळत नसेल तर नावं ठेवू नका, असं काहीतरी मी बोलले. यांना सगळं ऐकू गेलं नसावं, पण सूर कळला. हे शांतपणे म्हणाले, पुन्हा लाव. आणि समोरच्या सुपातल्या काजूच्या बिया ओंजळीने घेतल्या.

गाणारे पहिल्यांदा थांबले. चेलोची एक ओढ, यांनी जमिनीवर एक बी ठेवली. दुसरी ओढ, तिच्याशेजारी दुसरी. चार बिया झाल्या आणि गाणं सुरू झालं. दुसऱ्यांदा थांबले, यांनी खाली नवी ओळ सुरू केली. पाच बिया. तिसरी ओळ सहा. यांचा हात मध्येच थबकला, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे ठेवत गेले. सात. आठ. नऊ. मी हातातलं काम टाकून बघत होते. पडवीच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर बियांच्या ओळी लांबत चालल्या होत्या. बाराव्या ओळीत पंधरा बिया झाल्या आणि त्यानंतर गाणारे परत आले नाहीत. चेलो थांबला.

"चूक नाय ती," हे म्हणाले. "तो मोजान थांबता. दर फेऱ्याक एक मात्रा वाढयता."

मी खाली बसून प्रत्येक ओळ बोटाने मोजली. चार, पाच, सहा, पार पंधरापर्यंत. एकही बी चुकलेली नव्हती. म्हणजे शेवटाकडे गाणं संथ होतं असं मी ज्याला म्हणत होते, ते संथ होत नव्हतंच. गाणं तेवढंच होतं, थांबणं वाढत होतं. भरती बांधाशी येऊन दर वेळी थोडी जास्त थांबत होती. मी वर्षभर ऐकत होते, दोन पानं लिहिली होती, आणि मला ते ऐकू आलं नव्हतं. ते ऐकलं या माणसाने. मला लाज वाटली आणि त्याहून दुप्पट आनंद झाला. यांना मी तसं सांगितलंही. हे म्हणाले, तू गाणं ऐकतेस, मी ठेका ऐकतो, त्यात काय.

मी त्या बियांचा फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर अर्ध्या तासात आलं. तिच्याजवळच्या छापील प्रतीत प्रत्येक थांब्यावर पेन्सिलीने आकडे लिहिलेले होते, चार, पाच, सहा असे, त्याचा तिने फोटो पाठवला. तो फोटो आणि आमच्या बिया शेजारी शेजारी धरून हे बराच वेळ बघत बसले. लेकीने आमचा फोटो तिच्या गटातल्या सगळ्यांना दाखवला. त्या म्हाताऱ्या संगीतकारापर्यंत तो पोचला की नाही ते मला माहीत नाही. पोचला असावा असं मी समजते.

त्या रविवारी तिचा फोन आला तेव्हा हे यंत्र घालून आधीच बाकावर बसलेले होते. फोन मी उचलायच्या आत यांनी उचलला आणि स्पीकरवर टाकला. लेकीलाही अंदाज आला असावा, ती सावकाश, खालच्या आवाजात बोलत होती. गाण्यातल्यासारखी. मी दाराशी उभी राहिले. मध्ये पडायचं नाही असं मनाशी ठरवलं होतं आणि तोंडावर पदर धरून ते पाळलं.

यांनी तिला पुष्कळ विचारलं. चेलोवाला मोजतो की आपोआप थांबतो? श्वास कुठे घेता? सगळ्यांना सांभाळतो कोण? लेक म्हणाली, कोणी नाही बाबा, शेजारच्याचा श्वास ऐकायचा. यांना ते एकदम पटलं. मान डोलावली. मला जे उत्तर देता आलं नव्हतं ते तिने एका वाक्यात दिलं.

मग ती म्हणाली की तिला एक भीती वाटते. पुढच्या महिन्यात पुन्हा कार्यक्रम आहे, मोठ्या सभागृहात. अकराव्या फेरीला चौदा मोजायचे असतात आणि तिथे ती हमखास चुकते. मागच्या तालमीत सगळे गप्प असताना ती एकटीच गायला लागली. तिला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की या वेळी नाव काढून घ्यावं का असा विचार करते आहे.

यांनी ते सगळं ऐकलं. एकदाही 'काय?' असं विचारलं नाही. मग सावकाश म्हणाले, "चुकलस तर चुकलस. उठा नको. थयच बसान रव, आणि पुढच्या फेऱ्याक मिळ."

तिचा थांबा मला दाराशीही ऐकू आला.

"मगे बाबा," ती म्हणाली, "तुम्ही कित्याक उठलात?"

का उठलात, हे तिने मोठ्याने विचारलं नव्हतं, पुन्हाही विचारलं नाही. मी पुढे होऊन यांना सांगावं का, असा क्षणभर विचार केला. पण त्याची गरज नव्हती. यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की शब्दन् शब्द पोचला आहे. हे फोन तसाच हातात धरून अंगणाकडे बघत राहिले. लेकही घाई न करता थांबून राहिली. माझे डोळे भरून आले होते आणि मला ते पुसायचंही सुचलं नाही.

मग यांनी फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळले.

"एकादशी कधी आसा गो?"

मी कॅलेंडर बघायला आत गेले.